जुना पीसी भंगारात काढा म्हणण्याआधी एकदा टास्क मॅनेजर उघडून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर कसा घ्यावा यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता, तो आमच्या इथं बऱ्याच जणांनी एकमेकांना फॉरवर्ड केला. लेख तसा वाईट नव्हता, नवीन मशीन घेणाऱ्याला उपयोगाचा आहे. पण त्यात दोन गोष्टी अशा लिहिल्यात की वाचून गप्प बसवेना. एक म्हणजे पाच वर्षांपेक्षा जुन्या मशीनवर एडिटिंगचा विचारच सोडा, आणि दुसरी म्हणजे रॅम आता स्वस्त झालीय, जमेल तेवढी टाका. दोन्ही गोष्टी आमच्यासारख्यांच्या खिशाला लागणाऱ्या आहेत म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं असेल तर शेवटून कापू नका मधून कापा.

मी बार्शीत लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. टेप कॅमेऱ्याच्या काळापासून हेच काम. आमच्या बार्शी, कुर्डुवाडी, परांडा, भूम या पट्ट्यात मिक्सिंगवाल्यांच्या खोल्या बघितल्या तर तिथं अजून इंटेलचे थर्ड जनरेशन, फोर्थ जनरेशनचे आय-फाइव्ह आय-सेव्हन प्रोसेसर चालू आहेत, काही जणांकडं त्याच्याही मागचे. आणि त्याच्यावर लग्नं निघतायत, साखरपुडे निघतायत, कीर्तनाच्या दोन दोन तासांच्या फाइली यूट्यूबवर चढतायत. शाळेतले मास्तर लोक धड्यांचे व्हिडिओ करतायत ते तर ऑफिसातनं काढून टाकलेल्या सेकंडहँड डेस्कटॉपवर. या सगळ्यांनी आपला लेख वाचून मशीन फेकून द्यायची का? दिली तरी नवीन घ्यायला पैसे कुठायत, सीझन दोन तीन महिन्यांचा आणि उधारी वर्षभराची.

आता दुसरी बाजू पण सांगतो. मशीन अडकायला लागली की माणूस दुकानात जातो आणि दुकानदार कॅबिनेट न उघडताच सांगतो, रॅम वाढवा. हे पण तितकंच चुकीचं आहे. रॅम वाढवून फायदा होतो, भरपूर होतो, पण जिथं रॅमच कमी पडतीय तिथंच होतो. मी शिकायला येणाऱ्या पोरांना असं सांगतो की हार्डडिस्क म्हणजे कोठार, रॅम म्हणजे खळं आणि प्रोसेसर म्हणजे मळणीयंत्र. खळं लहान असलं तर कणसं सारखी आत बाहेर करावी लागतात आणि यंत्र रिकामं उभं राहतं, तेव्हा खळं मोठं करायचंच, पण खळं दुप्पट केलं म्हणून यंत्राचा वेग वाढत नसतो.

म्हणून पैसे काढायच्या आधी एक काम करायचं जे फुकट आहे. नेहमीचा प्रोजेक्ट उघडायचा, टाइमलाइन चालू करायची, आणि कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जायचं. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरला चिकटलेली दिसली तर रॅम कमी आहे, विंडोज जागा नाही म्हणून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये सामान टाकतंय आणि परत आणतंय. मेमरी निम्मीच भरलीय, सीपीयू म्हणजे प्रोसेसर शंभरवर आहे आणि तरी व्हिडिओ अडखळतोय, तर तुम्ही ६४ जीबी टाकली तरी तो तसाच अडखळणार. आणि मेमरीपण मोकळी, सीपीयूपण मोकळा, फक्त डिस्क शंभर, तर रॅमला हात लावू नका, जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क टाका. या एवढ्याशा तपासणीनं कित्येक जणांचे पैसे वाचतील, आणि आपल्या लेखात याच्याबद्दल एक ओळ नव्हती.

व्हिडिओला एवढी मेमरी लागते का, हे पण लोकांना कुणी सांगत नाही. हिशोब सोपा आहे. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक फ्रेम मेमरीत उघडल्यावर ८.३ एमबी होते. आपल्याकडं २५ फ्रेमला एक सेकंद, म्हणजे सेकंदाला २०७ एमबी. ४के ची फ्रेम याच्या चौपट, ३३ एमबी, सेकंदाला ८३० एमबी. कार्डवर फाइल छोटी दिसते कारण ती दाबून भरलेली असते, पण एडिटिंग करताना ती उघडावीच लागते, दाबलेल्या फाइलवर कलर करता येत नाही. त्याच्यावर दुसरा लेयर, नवरा नवरीच्या नावाचं टायटल, फुलांचा इफेक्ट, प्रत्येकाची आपापली फ्रेम. आणि काही सॉफ्टवेअर आतमध्ये ३२ बिट फ्लोटमध्ये हिशोब करतात तिथं हाच आकडा परत चौपट होतो, ४के ची एक फ्रेम १३० एमबीच्या वर. आता आठ जीबीच्या मशीनमध्ये विंडोज, ब्राउझर, अँटिव्हायरस, व्हॉट्सअॅप सगळं दोन तीन जीबी खाऊन बसलेलं असतं, उरलेल्यात हा संसार कसा बसणार. म्हणून माझं सरळ मत असं की फुल एचडी कामाला १६ जीबी ही खरी गरज आहे, आठमध्ये भागतं पण चिडचिड होते, आणि चार जीबीवर एडिटिंग करणाऱ्याला माझा दंडवत. ३२ जीबी ४के वाल्यांना किंवा आफ्टर इफेक्ट्स वापरणाऱ्यांना लागते, लग्नाच्या फुल एचडीला ३२ टाकून निम्मी रिकामी ठेवण्यात काही अर्थ नाही.

जुन्या काळी असं नव्हतं. एमडी टेन थाउजंडसारख्या कॅमेऱ्यातली मिनी डीव्ही टेप फायरवायर कार्डनं कॅप्चर केली की तासाला १३ जीबीची फाइल व्हायची, पण ती प्रोसेसरला एकदम हलकी कारण डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. दोन जीबी रॅमवर आख्खं लग्न निघायचं. नंतर व्हिडिओ जास्त दाबून भरायच्या पद्धती आल्या, एव्हीसीएचडी आलं, एच-२६४ आलं, फाइल लहान झाली पण त्यात पूर्ण फ्रेम मधूनमधूनच असते आणि बाकीच्या फ्रेम मागच्या पुढच्यावरनं काढाव्या लागतात. कट मारायला कर्सर मधे नेला की मशीन आधी मागं जाऊन सगळं उलगडत येणार. तेव्हापासनं ही रडारड चालू झाली. हे सॉफ्टवेअरच्या बाबतीत पण आहे, आमच्या लाइनीत एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फार चालतं आणि एडियस सहापर्यंत ते ३२ बिटच होतं, सात नंबरपासून, म्हणजे २०१३ पासून, ६४ बिट झालं. मशीनमध्ये १६ जीबी घालून वर एडियस सहाच चालवलं तर त्या बिचाऱ्याला वापरताच येत नाही एवढी मेमरी.

तसंच विंडोजचं. अजूनही काही ठिकाणी ३२ बिट विंडोज टाकलेली सापडते, का तर जुना प्रिंटर किंवा जुनं कॅप्चर कार्ड त्याच्यावरच चालतं. ३२ बिटला चार जीबीची मर्यादा आणि त्यातली पण सव्वातीन साडेतीनच हाताला लागते. विंडोज सेव्हन होम बेसिक ६४ बिट असली तरी आठ जीबीला थांबते, होम प्रीमियम सोळाला थांबते. आपल्याकडं त्या काळच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये होम बेसिकच यायची. लोकं नवीन रॅम टाकतात, कंपनीचा लोगो येतो, विंडोज उघडतं, आणि प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर इन्स्टॉल्ड इतकी आणि कंसात यूजेबल तितकी. मग दुकानदाराशी भांडण. त्यात दुकानदाराची काही चूक नसते, असं क्वचित होतं पण होतं.

आता रॅम घ्यायचीच ठरली तर कोणती, इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या रॅमच्या तीन पिढ्या, तिन्ही एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट मोडेल. सेकंड, थर्ड, फोर्थ जनरेशन इंटेलच्या डेस्कटॉपला डीडीआर-३. सिक्स्थ आणि सेव्हन्थला बहुतेक डीडीआर-४ पण काही मदरबोर्डांवर डीडीआर-३ एल, म्हणून बोर्डाचं नाव बघितल्याशिवाय घ्यायची नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बोर्डाचं मॉडेल, आत्ता कोणती रॅम आहे, कोणत्या स्लॉटला किती आहे सगळं दिसतं. ते बघून कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची मर्यादा बघायची. आपल्याकडच्या स्वस्त असेंबल पीसीत एच-६१ चिपसेटचे बोर्ड पोत्यानं विकले गेलेत, त्याला दोनच स्लॉट आणि १६ जीबी हीच हद्द, म्हणजे आठ आठच्या दोन. जी-४१ वाले त्याच्या आधीचे, त्यातले बहुतेक आठच्या पुढं जात नाहीत. कोअर टू ड्युओ आणि डीडीआर-२ वर असाल तर मात्र मी पण आपल्या लेखकाच्याच बाजूचा आहे, त्याच्यावर खर्च करू नका, त्याला हिशोबाच्या वह्या आणि झेरॉक्सच्या कामाला ठेवा.

लॅपटॉपला अजून एक भानगड. फोर्थ, फिफ्थ जनरेशनच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३ एल लागते, साधी दीड व्होल्टची डीडीआर-३ दिसायला सेम टू सेम पण ती टाकली की मशीन उठतच नाही, आणि माणसाला वाटतं रॅम खराब निघाली. पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डलाच सोल्डर करून टाकलेली असते, तिथं विषय संपला. अॅपलच्या मॅकबुक एअरला पहिल्यापासून तसंच आहे. पण २०१२ चा साधा, सीडी ड्राइव्हवाला मॅकबुक प्रो कुणाकडं असेल तर तो विकू नका, कंपनी आठ म्हणते पण १६ घेतो.

एकाच मोठ्या स्टिकपेक्षा, म्हणजे रॅमच्या पट्टीपेक्षा, सारख्या दोन घेतलेल्या बऱ्या. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. डीडीआर-३ १६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबीपर्यंत डेटा देते, दोन लावल्या की २५.६. ज्याच्याकडं वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्याला तर हा फरक जास्त जाणवतो, कारण ऑनबोर्ड ग्राफिक स्वतःची मेमरी याच रॅममधनं उचलतं. चार स्लॉट असले तर कोणत्या दोनमध्ये बसवायच्या ते बोर्डावरच्या रंगावरनं किंवा बारीक अक्षरांवरनं बघा, शेजारी शेजारी खोचून दिल्या तर बऱ्याच बोर्डांवर सिंगल चॅनेलच चालतं. जुनी चारची स्टिक आहे आणि तिच्यासोबत आठची टाकली तर चालतं का, असं मला सारखं विचारतात. चालतं बहुतेक वेळा, फक्त जी हळू असेल तिच्या वेगानं दोन्ही चालतात. नाही चाललं तर दुकानदार परत घेईल का हे आधी विचारा.

सेकंडहँडबद्दल सांगायलाच पाहिजे कारण डीडीआर-३ आता नवीन फारशी मिळत नाही, जी मिळते ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, आणि त्यातली बरीच ऑफिसांच्या मशीनमधनं काढलेली. ते वाईट नाही. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, जुनी रॅम वर्षानुवर्षं चालते. पण दोन प्रकार जपून. एक सर्व्हरची रॅम, लेबलवर ईसीसी रजिस्टर्ड किंवा आरडीआयएमएम असं काहीतरी असतं. ती निम्म्या भावात मिळते, साइज तोच, खाच त्याच ठिकाणी, स्लॉटमध्ये बसते पण, फक्त साध्या बोर्डवर मशीन चालू होत नाही. दुसरी ओन्ली फॉर एएमडी लिहिलेली डीडीआर-३, ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही आणि विकणारा ते बारीक अक्षरात लिहितो किंवा लिहीतच नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराला ऑनलाइन असल्याच दोन स्टिक गळ्यात मारल्या, परत करायला गेला तर पॅकिंग फोडलं म्हणून घेतल्या नाहीत. असल्या गोष्टी छापा की कधीतरी.

भावाचं आता. आपल्या लेखात रॅम स्वस्त झालीय असं आहे, ते २०२३ मध्ये लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला तयार नाही. कारण आपल्या गावापासून फार लांब आहे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयची जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत त्यांना एचबीएम नावाची वेगळी महागडी मेमरी लागते, कारखाने तिकडं वळले, जुन्या डीडीआर-४ चं उत्पादन तसंही आवरतं घ्यायचं चाललं होतं, त्यामुळं आपल्या पीसीच्या वाट्याला माल कमी. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल या नावानं गिऱ्हाइकांना रॅम, एसएसडी विकायचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. आमच्याकडच्या निम्म्या मशीनमध्ये क्रूशियलच आहे. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं रॅमसाठी चॅटबॉटवाल्या कंपन्यांशी स्पर्धा करायची, अशी वेळ आलीय. अशा वेळी जमेल तेवढी टाका हा सल्ला गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालणारा आहे, लागते तेवढीच टाका हे सांगायला पाहिजे, आणि ज्याच्याकडं जुनी डीडीआर-३ किंवा डीडीआर-४ पडून आहे त्यानं ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नये.

बसवायचं काम अवघड नाही, त्याचे वेगळे पैसे घेणारे दुकानदार आहेत म्हणून सांगतो. पिन सॉकेटमधनं काढायची, नुसतं बटण बंद नाही. मग पॉवर बटण एकदा दाबून धरायचं म्हणजे आतला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरी काढायची. जुन्या स्टिकचे सोनेरी पाय काळवंडलेले असतील तर खोडरबरनं हलक्या हातानं पुसायचे आणि रबराचा चुरा ब्रशनं झाडायचा, आमच्याकडच्या धुळीत निम्म्या रॅम खराब नसतातच, नुसत्या मळलेल्या असतात. दोन्ही बाजूला टक असा आवाज येईपर्यंत दाबायचं. चालू केल्यावर मशीननं बीप बीप केलं तर घाबरायचं नाही, बंद करून एक एक स्टिक लावून बघायची. चालू झाली की मेमटेस्ट-८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून द्यायचं. हे कुणी करत नाही. सेकंडहँड रॅममध्ये एखादाच भाग खराब असला तर मशीन दिवसभर नीट चालते आणि रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचं काम, नव्वद टक्क्यांवर आला की निळा स्क्रीन देते, मग दोष सॉफ्टवेअरला, विंडोजला, लाइटला. टेस्टमध्ये लाल ओळ एक जरी आली तरी ती स्टिक परत करायची, चर्चा नाही.

आणि एसएसडी. खर्चाची ऐपत एकाच गोष्टीची असेल, मशीनमध्ये आठ जीबी रॅम आहे आणि विंडोज अजून फिरणाऱ्या हार्डडिस्कवर आहे, तर मी आधी एसएसडी टाकायला सांगेन, आणि हे मी रॅमच्याच विषयावर पत्र लिहिताना सांगतोय. हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर दीडशे एमबी देते, तुकडे तुकडे वाचायला लागली की पार झोपते. साटा एसएसडी पाचशेच्या आसपास देते. एच-६१ सारख्या बोर्डवर साटा-२ असल्यानं अडीचशेच्या थोडं पुढं मिळेल पण तरी जमीन अस्मानाचा फरक आहे. मेमरी भरून पेज फाइल वापरायची वेळ आली तरी एसएसडीवर ती खपून जाते. तिचे भाव पण रॅमसोबत वाढलेत हे खरंय, तरी २५६ ची चालते, विंडोज आणि चालू प्रोजेक्ट त्यावर, बाकी लग्नं जुन्या हार्डडिस्कवर.

इतकं सगळं केल्यावर पण एक गोष्ट जुन्या मशीनला जमणार नाहीच, ती म्हणजे आजकालच्या फोनची फाइल. हल्ली प्रत्येक लग्नात नवरीचा भाऊ त्याच्या फोनमधले क्लिप आणून देतो आणि म्हणतो हे पण टाका. ती असते एचईव्हीसी, म्हणजे एच-२६४ पेक्षाही जास्त दाबलेली, त्यातनं आयफोन बारा आणि त्याच्या पुढचे असतील तर एचडीआर, १० बिट. इंटेलच्या चिपमध्ये साधं ८ बिट एचईव्हीसी उघडायची सोय आली सिक्स्थ जनरेशनला, १० बिटची आली सेव्हन्थला. त्याच्या आधीच्या सगळ्या मशीन ते नुसत्या ताकदीवर उघडायला बघतात आणि धापा टाकतात, सीपीयू शंभर, मेमरी निम्मी रिकामी. इथं रॅम टाकणारा फसतो. याच्यावर उपाय दोन. पहिला, शूटिंगच्या आधीच पाहुण्यांना सांगायचं की आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कम्पॅटिबल करा आणि एचडीआर व्हिडिओ बंद करा. ऐकतात का, नाही, पण सांगायचं. दुसरा, प्रॉक्सी. सॉफ्टवेअर मूळ फाइलची हलकी नक्कल बनवतं, त्या नकलेवर तुम्ही कट मारा, कलर करा, आणि शेवटी रेंडरला ते आपोआप मूळ फाइल घेतं. एडियसमध्ये प्रॉक्सी मोड आहे, प्रीमियरमध्ये आहे, डाविंची रिझॉल्व्हमध्ये आहे, फुकटच्या केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये पण आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावायच्या, सकाळी थर्ड जनरेशनच्या मशीनवर ४के चं काम मेणासारखं चालतं, फक्त शेवटचा रेंडर वेळ खातो, त्याला इलाज नाही, रेंडर लावून जेवायला जा. इतकी सोपी गोष्ट असून कितीतरी मिक्सिंगवाले प्रॉक्सी वापरत नाहीत, का तर कुणी दाखवलंच नाही, सगळे नवीन मशीन दाखवतात.

रिझॉल्व्हबद्दल एक वेगळं सांगतो, पोरं यूट्यूबवर बघून तेच टाकतात कारण फुकट आहे. चांगलंय, पण त्याला ग्राफिक कार्ड आणि त्याची मेमरी लागते, कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवर १६ जीबी टाकून पण ते रडवणार. तिथं एडियस किंवा शॉटकट बरं.

राहिलं विंडोजचं. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इलेव्हनला इंटेलचं एट्थ जनरेशन आणि टीपीएम दोन पॉइंट शून्य ही सिक्युरिटीची सोय लागते. म्हणजे चालू स्थितीतल्या लाखो मशीन कागदोपत्री म्हाताऱ्या झाल्या. जादा एक वर्ष अपडेट मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टनं दिलीय, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ती घ्यावी. नंतर माझ्या मते एडिटिंगची मशीन नेटपासून तोडून नुसती कामाला ठेवावी, बँकेचं आणि यूपीआयचं काही तिच्यावर करू नये, फाइल अपलोड करायला फोन आहे किंवा दुसरी मशीन आहे. ज्याला जमेल त्यानं लिनक्स टाकून केडेनलाइव्ह शिकावं. आमच्या लाइनीतले लोक एडियस सोडणार नाहीत हे मला माहितीय, म्हणून फार आग्रह करत नाही.

एवढं लिहायचं कारण, दुरुस्तीचा आणि अपग्रेडचा विषय पेपरात येतच नाही. सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, ई-कचऱ्याचे नवीन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पण आमच्या तालुक्यात रॅमची जुनी स्टिक, बिघडलेली एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) नेमकी कुठं द्यायची हे विचारलं तर उत्तर एकच, भंगारवाला. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन फोन आणि नवीन लॅपटॉपवर पान असतं. महिन्यातनं एकदा अर्ध पान जुन्या मशीनला द्या. कोणता बोर्ड किती रॅम घेतो, सेकंडहँड घेताना काय तपासायचं, प्रॉक्सी कशा करायच्या, गावाकडच्या रिपेअरवाल्यांनाच विचारून लिहा, ती माणसं सांगतील, फक्त लग्नसराईत फोन करू नका.

आणि रॅमचे भाव छापणार असाल तर भावाच्या शेजारी तारीख छापा. आपल्या लेखाचं कात्रण घेऊन एक जण दुकानात गेला होता, दुकानदारानं त्याला पाणी पाजलं आणि म्हणाला या भावात तुमच्याकडं असेल तर मीच घेतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक मिक्सिंगवाला
बार्शी, जि. सोलापूर